कपाळावरची झुलपे आणि कात्रीचे माप

वाचकाचे पत्र:

"मी २७ वर्षांचा आहे. सोलापुरात विडी घरकुल परिसरात राहतो आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. रोज मोटारसायकलवरून, हेल्मेट घालून जाणे-येणे असते. माझे केस दाट आणि सरळ आहेत. दोन आठवड्यांपूर्वी मोबाइलवरचा फोटो दाखवून टेक्श्चर्ड फ्रिंज, म्हणजे कपाळावर सुटी पडणारी झुलपे, कापून घेतली. फोटोतल्या मुलाच्या कपाळावर केस हलके, मोकळे पडले होते. माझ्या कपाळावर मात्र पट्टीने आखल्यासारखी रेघ आली आणि उजव्या बाजूचे केस तर उभेच राहतात. जेल लावले की दोन-तीन जाड बटा होऊन चिकटतात. कपाळाचे दोन्ही कोपरे थोडे मागे गेले आहेत, ते झाकले जावेत अशीही इच्छा होती. शिवाय कपाळावर पुटकुळ्या येऊ लागल्या आहेत. मुलाने कपाळावर केस आणणे बाबांना पसंत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझा साखरपुडा आहे, म्हणजे हातात सहा आठवडे आहेत. हा कट माझ्यासाठी नाहीच का, की तो अजून नीट करून घेता येईल?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार. हा कट तुमच्यासाठी नाही असे मुळीच नाही, आणि सहा आठवड्यांत तो नीट होऊ शकतो. तुमच्या वर्णनावरून दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडलेल्या दिसतात. कपाळावरची सरळ रेघ ही कात्री कशी धरली यातून आलेली आहे, तर उजवीकडे उभे राहणारे केस हे बहुधा तिथल्या भोवऱ्यामुळे आहेत. पहिली गोष्ट फारशी लांबी न गमावता याच आठवड्यात सुधारता येईल. दुसरीसाठी केस वाढण्याची वाट पाहावी लागेल. जेल, वॅक्स किंवा आणखी एखादी डबी विकत आणून यातले काहीच सुटणार नाही, कारण हा कट सलूनच्या खुर्चीवरच घडतो आणि सकाळी आरशासमोर आपण करतो ते त्याला वळण देण्यापुरतेच असते.

फोटोतल्या मुलाचे केस विस्कटलेले वाटतात, पण तसे ते दिसावेत यासाठी बरीच मेहनत घेतलेली असते. शेजारशेजारच्या केसांची टोके मुद्दाम कमीअधिक लांबीची ठेवलेली असतात. काही केस भुवईच्या बोटभर वर संपतात, काही त्याहून अर्धा सेंटिमीटर वर, काही आणखी वर. त्यामुळे कडेला जाडी राहत नाही आणि उपरण्याच्या सुट्या दशांमधून पलीकडचे दिसावे तसे कपाळ मधूनमधून दिसत राहते. तुमच्या बाबतीत कारागिराने केसांची बट दोन बोटांत धरून कात्री बोटांना समांतर चालवली असणार, म्हणून सगळे केस एका पातळीत कापले गेले. तीच बट धरून कात्री जवळजवळ उभी, म्हणजे केसांच्याच दिशेने धरली आणि तिचे टोक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत घालून थोडेथोडे छाटले की रेघ मोडते. सलूनमध्ये याला पॉइंट कटिंग म्हणतात. हे काम वेळ घेते, दाट केसांत तर अधिकच, आणि बाकावर चार गिऱ्हाइके वाट पाहत बसलेली असताना ते मनासारखे होणे कठीण असते. म्हणून रविवारी सकाळी जाऊ नका. अनेक सलूनना सोमवारी सुट्टी असते हे लक्षात ठेवून मंगळवार ते शुक्रवारमधली एखादी निवांत संध्याकाळ निवडा, आणि आधी फोन करून वेळ ठरवून घेता आली तर उत्तमच.

केस हलके करण्यासाठी दातेरी कात्रीही वापरतात. दाट केस पाहिले की कारागिराचा हात आपसूक तिच्याकडे वळतो, आणि इथे तुम्ही सावध राहिले पाहिजे. ही कात्री मुळाजवळ चालवली तर तिथे आखूड खुंट तयार होतात. दोन-तीन आठवड्यांत ते वाढू लागले की वरच्या लांब केसांना खालून रेटा देतात आणि झुलपे बसण्याऐवजी फुगतात. ती चालवायचीच असेल तर लांबीच्या खालच्या अर्ध्या भागातच, एक-दोन वेळा, एवढीच. वस्तऱ्याने केस निमुळते करण्याची पद्धतही आहे, परंतु जाड केसांवर तिचा उपयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वस्तऱ्याने तासलेली टोके लवकर फाटतात आणि राठ दिसू लागतात.

आता भोवऱ्याकडे वळू, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. केस त्वचेतून काटकोनात वर येत नाही. तो मुळाशीच तिरका असतो आणि कोणत्या बाजूला झुकायचे हे त्याचे जन्मतः ठरलेले असते. टाळूवर भोवरा बहुतेक सर्वांना असतो, पण काहींना तसाच एखादा कपाळाच्या कडेलाही असतो आणि तिथले केस वरच्या किंवा बाजूच्या दिशेने उसळतात. तो नक्की कुठे आहे हे शोधण्याची रीत सोपी आहे. रात्री केस धुवा, टॉवेलने टिपून घ्या आणि कंगवा किंवा बोटे न लावता आपोआप वाळू द्या. मग आरशात पाहा: उजवीकडे जिथे केसांची दिशा अचानक बदलते आणि मुळाजवळ फट पडल्यासारखी दिसते, तो भोवरा. त्याचा मोबाइलवर एक जवळून फोटो काढून ठेवा. सलूनमध्ये हा फोटो कोणत्याही नटाच्या फोटोपेक्षा अधिक उपयोगी पडेल, कारण तिथे फवाऱ्याने केस भिजवले जातात आणि भिजलेला भोवरा पाण्याच्या वजनाने दबून जातो. कारागिराला तो दिसत नाही, तो कंगव्याने केस ताणून सरळ खाली आणतो, भुवईच्या वर कापतो, आणि केस वाळले की तेवढाच भाग दीड-दोन सेंटिमीटर वर उडी मारून उभा राहतो. तुमच्या बाबतीत नेमके हेच घडलेले दिसते.

भोवऱ्यावरच्या केसांना बसवायचे असेल तर त्यांना वजन हवे, म्हणजे लांबी हवी. म्हणून त्या जागेचे केस आजूबाजूच्या केसांपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवावेत आणि त्यांच्या मुळाशी दातेरी कात्री अजिबात लावू नये. त्याचबरोबर भोवरा ज्या बाजूला केस ढकलतो त्याच बाजूला सगळी झुलपे किंचित तिरकी पडू द्यावीत. सरळ खाली पडणाऱ्या झुलपांचा हट्ट धरलात तर रोज सकाळी भोवऱ्याशी झगडावे लागेल आणि दुपारपर्यंत तोच जिंकलेला असेल. तिरकी झुलपे रुंद कपाळाला शोभतातही; टेक्श्चर्ड फ्रिंज सरळच असली पाहिजे असा काही नियम नाही.

डोक्यावरचे केस महिन्याला सरासरी एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. या हिशेबाने सहा आठवड्यांत तुम्हाला साधारण दीड ते पावणेदोन सेंटिमीटर लांबी मिळेल. भोवरा बसवायला ती पुरेशी आहे, मात्र मध्येच कुणी तिथे कात्री लावली तर पुरणार नाही. म्हणून या आठवड्यात जाऊन फक्त समोरची रेघ मोडून घ्या आणि बाजू नीट करून घ्या. उजव्या कोपऱ्याला हात लावू देऊ नका. मुख्य कटिंग साखरपुड्याच्या आठ-दहा दिवस आधी करा, आदल्या दिवशी नव्हे. याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे ताज्या कापलेल्या टोकांना नैसर्गिकपणे पडायला आठवडाभर लागतो. दुसरे असे की एप्रिल-मेच्या उन्हात चेहरा रापलेला असतो आणि मशीन फिरवल्यावर कानांच्या वर व मानेवर, केसांखाली झाकलेल्या त्वचेचा फिकट पट्टा उघडा पडतो. फोटोंमध्ये तो फार ठळक येतो. आठ-दहा दिवसांत वाढलेल्या बारीक केसांनी तो पुष्कळसा झाकला जातो.

सात रस्त्याजवळच्या वातानुकूलित सलूनमध्ये जायचे की आपल्या गल्लीतल्या दोन खुर्च्यांच्या दुकानात, हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. दुकान न निवडता कारागीर निवडा. पाच-दहा मिनिटे बाकावर बसून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचे केस कसे कापतो ते पाहिले तरी पुष्कळ कळते: कात्री उभी धरतो का, मध्ये थांबून केस बोटांनी हलवून पाहतो का, गिऱ्हाईक काय सांगते ते ऐकून घेतो का. जाताना केस धुतलेले, कोरडे आणि तेल न लावलेले असावेत, आणि रोज जसे ठेवता तसेच ठेवून जावे. फोटो दाखवायचाच असेल तर तुमच्यासारखेच काळे, दाट आणि सरळ केस असलेल्या माणसाचा दाखवा. भुऱ्या, विरळ केसांत सावल्या आणि फटी सहज दिसतात. काळ्या केसांत त्या दिसाव्यात म्हणून टोकांमधला फरक जरा जास्तच ठेवावा लागतो. परदेशी मॉडेलचा फोटो पाहून केलेला कट आपल्या डोक्यावर सपाट वाटतो तो बऱ्याचदा यामुळे.

पहिल्या भेटीत खुर्चीवर बसल्यावर काय बोलायचे हे आधीच ठरवून ठेवा. "काका, वरची लांबी कमी करायची नाही. पुढची ही रेघ तेवढी मोडायची आहे, कात्री उभी धरून. उजवीकडे भोवरा आहे, हा बघा फोटो, तिथे काही करू नका. बाजूला मशीन तीन नंबरने घ्या आणि खाली कानाजवळ दोनवर उतरवा. शेवटचा हात केस वाळवून मारू या." एवढे बोलणे उद्धटपणाचे नाही, चांगल्या कारागिराला असे गिऱ्हाईक आवडते, कारण त्यालाही अंदाजाने काम करावे लागत नाही.

मशीनच्या तीन नंबरने केस साधारण दहा मिलिमीटर राहतात, दोनने सहा आणि एकने तीन. बाजूला झिरो मशीन मारून वर दाट झुलपे ठेवण्याची हल्ली मोठी हौस दिसते, परंतु दाट केसांच्या माणसाचे डोके त्याने वरून जड आणि खालून रिकामे दिसते, आणि आठवडाभरात खुंट वाढले की ती कडक रेषाही पुसट होते. साखरपुड्यासाठी तर मी तसे मुळीच सुचवणार नाही. मुख्य कटिंगच्या वेळी टाळूवर चार ते पाच सेंटिमीटर आणि तिथून पुढे येत येत कपाळाच्या कडेला सात-आठ सेंटिमीटर अशी लांबी ठेवायला सांगा. समोर केस कोरडे असताना भुवयांच्या बोटभर वर संपले पाहिजेत. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या पलीकडचे केस झुलपांमध्ये ओढून आणायचे नाहीत. तसे केले की झुलपे कानापासून कानापर्यंत पसरतात आणि चेहरा झाकणाने बंद केल्यासारखा होतो. कल्ले आणि मानेवरची लव वस्तऱ्याने साफ करून घेणार असाल तर पाते तुमच्या डोळ्यांसमोर नवे घातले जाईल एवढे पाहा. रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या दृष्टीने हा आग्रह कधीही सोडू नये.

घरी वळण देताना एक तत्त्व समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यातले काही बंध पाणी लागताच सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. ते जुळत असताना केस ज्या स्थितीत असेल तीच स्थिती तो पुन्हा भिजेपर्यंत धरून ठेवतो. म्हणजे ओल्या केसांचे कोरडे होणे, ती पाच-सात मिनिटे, हीच वळण देण्याची खरी वेळ. डोके धुऊन तसेच सोडून द्यायचे, केस आपापल्या मर्जीने वाळले की मग जेल थापून त्यांना वाकवू पाहायचे, हा क्रमच उलटा आहे.

आंघोळीनंतर केस टॉवेलने खसाखसा पुसू नका. टेरी टॉवेल डोक्यावर ठेवून दाबा आणि पाणी शोषू द्या. (चांगल्या टॉवेलसाठी सोलापूरकराला कुठे लांब जायला नको.) भोवऱ्याची जागा सर्वांत आधी हाताळायची, कारण मुळे एकदा वाळली की ती ऐकत नाहीत. ड्रायर मध्यम उष्णतेवर, केसांपासून वीतभर अंतरावर धरा. दुसऱ्या हाताच्या बोटांनी उजवीकडचे केस कपाळाला सपाट दाबून आधी डावीकडे न्या आणि वारा द्या, मग उजवीकडे न्या आणि वारा द्या, पुन्हा डावीकडे. अशी दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हवा दिली की मुळाशी असलेला एकतर्फी जोर मोडतो आणि केस मध्ये येऊन बसतात. ते पूर्ण कोरडे झाले की बाकीची झुलपे टाळूकडून पुढे, कपाळाच्या दिशेने, बोटांनी सोडवत वाळवा. कंगवा या वेळी दूर ठेवा, कारण त्याच्या दातांनी केसांचे सरळ पट्टे पडतात आणि कारागिराने मोडलेली कड पुन्हा रेघेसारखी दिसू लागते. ड्रायर नसेल तर पंख्याखाली बसून हेच करता येते, वेळ तेवढा जास्त लागतो.

जेल तुम्ही बंद करावे. ते ओलसर असते, केसांना एकत्र चिकटवते आणि वाळून चमकते, म्हणजे सुटे आणि कोरडे दिसायला हवेत अशा केसांवर बरोबर उलटा परिणाम करते. तुमच्या त्या दोन-तीन जाड बटा त्यामुळेच होतात. तुम्हाला हवे आहे ते मॅट क्ले, म्हणजे केसांना लावायचे न चमकणारे घट्ट मलम, किंवा त्याहूनही हलकी अशी केसांची पावडर. क्ले हरभऱ्याच्या दाण्याएवढेच घ्या, ते तळहातांवर दिसेनासे होईपर्यंत चोळा, आणि सुरुवात टाळूच्या मागच्या बाजूने करा. कपाळावरच्या केसांना शेवटी, बोटांवर जे उरले असेल तेच लावा. बहुतेक जण बोट डबीत बुडवून थेट समोरच्या केसांना लावतात आणि झुलपे तिथेच जड होऊन बसतात. पावडर वापरलीत तर चिमूटभर मुळाशी भुरभुरा आणि बोटांनी हलवा. तिच्याने केस कोरडे पडतात, म्हणून रोज नको, समारंभापुरती ठेवा.

खोबरेल तेल सोडा असे मी सांगणार नाही. ते केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. फक्त ते डोके धुण्याच्या आदल्या रात्री किंवा दोन तास आधी लावा आणि शाम्पूने नीट काढून टाका. तेल लावून झुलपे पाडली तर ती कपाळाला चिकटणारच.

हेल्मेटला पर्याय नाही आणि केसांसाठी ते टाळण्याचा विचारही मनात आणू नका; विडी घरकुल ते चिंचोळी हा शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापलीकडचा, अवजड वाहनांच्या वर्दळीचा रस्ता आहे. वर सांगितलेले तत्त्व इथेच सर्वाधिक उपयोगी पडते. ओल्या केसांवर हेल्मेट घातले तर आत दबलेल्या स्थितीतच बंध जुळतात आणि केस दिवसभर चपटे राहतात, म्हणून घरातून निघताना केस पूर्ण कोरडे असले पाहिजेत आणि त्यांना काहीही लावलेले नसावे. झुलपे बोटांनी मागे सारा, आतून पातळ सुती टोपी घाला आणि मग हेल्मेट चढवा. झुलपे कपाळावर ठेवून हेल्मेट घातले तर ती घामात भिजून तिथेच छापल्यासारखी बसतात. कारखान्यात पोहोचल्यावर चेहरा धुवा, ओल्या बोटांनी झुलपांची मुळे फक्त दमट करा, दोन्ही बाजूंना फिरवून पंख्याखाली पाच मिनिटे वाळू द्या, आणि क्ले तेव्हा लावा. छोटी डबी टेबलाच्या खणात ठेवण्याइतका हा साधा उपाय आहे. संध्याकाळी परतताना केसांचे काय होते याची काळजी करण्याची गरज नाही.

मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा कपाळावरचा घाम झुलपांखाली अडकून राहतो, आणि त्यात तेल किंवा केसांना लावलेल्या पदार्थांचा अंश मिसळला की रंध्रे बुजून पुटकुळ्या येतात. तुमच्या बाबतीत जेल हेही एक कारण असू शकते. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने कपाळ धुवा, क्ले त्वचेला लागू देऊ नका, आणि रात्री घरी आल्यावर ते धुऊन टाका, केसांत ठेवून झोपू नका. झोपताना झुलपे मागे घ्या आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. साखरपुड्याआधी घाईने कुणाच्या सांगण्यावरून एखादे मलम लावू नका, कारण दुकानातून परस्पर मिळणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते आणि त्याने पुटकुळ्या वाढतात.

पाण्याचाही थोडा विचार करावा लागेल. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे अनेक घरांत आंघोळीला बोअरचे पाणी वापरले जाते आणि ते जड असते. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, म्हणून डोक्याला अंगाचा साबण कधीही लावू नका. शाम्पूचा असा साका होत नाही. तरीही केस राठ वाटत असतील तर शेवटचा एक तांब्या नळाच्या साठवलेल्या किंवा पिण्याच्या पाण्याचा ओता. तेवढ्यानेही झुलपे हलकी झाल्याचे जाणवेल. रोज शाम्पू करण्याची गरज नाही; उन्हाळ्यात एक दिवसाआड पुरे, मधल्या दिवशी नुसते पाणी.

कपाळाच्या कोपऱ्यांविषयी थोडे गांभीर्याने सांगायचे आहे. झुलपे ते कोपरे झाकतील, आणि त्यात काही गैर नाही. कारागिराला तिथले केस विरळ करू नका एवढे आवर्जून सांगा. पण झाकले म्हणून मागे सरणे थांबत नाही. वडिलांचे किंवा मामांचे केस लवकर गेले असतील, किंवा दोन वर्षांपूर्वीच्या फोटोशी ताडून पाहिल्यावर फरक दिसत असेल, तर आत्ताच त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. या प्रकारच्या गळतीवर उपचार आहेत. ते असलेले केस टिकवण्यात जितके उपयोगी पडतात तितके गेलेले केस परत आणण्यात पडत नाहीत, म्हणून वेळ महत्त्वाची. मिनॉक्सिडिलसारखे औषधसुद्धा डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करा. जाहिरातीतल्या तेलांवर पैसे घालवू नका.

तुमच्या वडिलांच्या मताकडे मी दुर्लक्ष करणार नाही, कारण त्यात एक रास्त मुद्दा आहे. ज्याचे केस डोळ्यांवर येतात आणि जो बोलताना सारखे ते हाताने मागे सारतो, त्याच्याशी बोलताना समोरच्याला अवघडल्यासारखे होते. भुवया आणि डोळे पूर्ण मोकळे असतील तर झुलपे असूनही चेहरा उघडा आणि नीटस वाटतो. आत्ताची सरळ रेघ आणि उभे केस पाहून त्यांनी नापसंती दाखवली असेल तर ती त्या कटिंगबद्दल होती असे समजा. वाद घालू नका. याच आठवड्यात रेघ मोडून घ्या आणि त्यांना पाहू द्या. दर तीन-चार आठवड्यांनी फक्त समोरची टोके नीट करून घेतलीत तर तो नीटसपणा टिकेल. मध्येच घरी आरशासमोर कात्री घेऊन बसण्याचा मोह मात्र टाळा.

साखरपुड्याच्या दिवशी कपाळाला कुंकू लागणार, ओवाळणे होणार, अक्षता पडणार. झुलपे कपाळभर असतील तर कुंकू लावणाऱ्या वडीलधाऱ्या बाईंना ती हाताने बाजूला करावी लागतात, आणि मग ओले कुंकू केसांना लागून भुवईपर्यंत ओघळते. म्हणून विधीच्या वेळी झुलपे एका बाजूला, भोवऱ्याच्या दिशेने वळवून ठेवा. कट बरोबर झाला असेल तर त्यासाठी बोटांचा एक हात पुरतो, आणि विधी आटोपल्यावर फोटोंसाठी ती पुन्हा खाली घेता येतात. त्या दिवशी क्ले अगदी कमी लावा, कारण चिकट केसांत अडकलेल्या अक्षता काढताना सगळे वळण बिघडते. खिशात टिपकागद ठेवा आणि घाम आला की कपाळ पुसू नका, टिपून घ्या.

लग्नात फेटा आणि मुंडावळ्या असतील, तेव्हा कापण्याचा हिशेब थोडा बदलेल. फेट्याखाली झुलपे दबतात आणि मुंडावळ्यांच्या दोरीखाली त्यांची टोके बाहेर आलेली बरी दिसत नाहीत, म्हणून त्या वेळी समोरची लांबी आताच्याइतकीच ठेवून ती पूर्णपणे मागे वळवता येईल असे कापून घ्या. लग्नाची कटिंगही आठवडाभर आधीच करा. हळद लागल्यावर नवऱ्या मुलाने घराबाहेर पडायचे नाही असा अनेक घरांत रिवाज असतो, त्यामुळे कल्ले आणि मानेवरचे किरकोळ काम राहिले असेल तर तेही हळदीच्या आदल्या दिवशी उरकून घ्या.